दादाची पिकअप: मायलेज आणि किमतीच्या प्रकल्प नोंदी

४ ऑक्टोबर २०२५, शनिवार

कामाला आजपासून सुरुवात. माझा मामेभाऊ, त्याला मी दादाच म्हणते, अमेरिकेत बागकामाची कंत्राटं घेतो. त्याच्याकडे व्ही-८ (आठ सिलिंडरच्या) इंजिनची, चार दारांची मोठी पिकअप आहे. काल फोनवर त्याने विचारलं, "हीच चालवू की नवी घेऊ? नव्या गाड्या मायलेजला चांगल्या आहेत म्हणतात." मी लगेच उत्तर दिलं नाही. गेली काही वर्षं ऐकते आहे की पिकअपचं तंत्रज्ञान कुठल्या कुठे गेलं. किमती तर गेल्याच आहेत. मग पंपावरचा खर्च त्या मानाने कमी का होत नाही, हे मला स्वतःलाच नीट कळून घ्यायचं आहे.

दोन शीट करायच्या. पहिलीत इंधन कुठे खर्च होतं, दुसरीत किंमत का वाढली. दादाला शेवटी एकच आकडा हवा आहे, पण तो कसा आला हे त्याला दाखवता आलं पाहिजे.

५ ऑक्टोबर

दादाच्या डॅशबोर्डात एक छोटी वही ठेवली. टाकी फुल ते टाकी फुल: किती मैल, किती गॅलन. स्क्रीनवर दिसणारा सरासरी आकडा वेगळ्या रकान्यात. शिवाय ज्या दिवशी ट्रेलर जोडला त्या तारखेपुढे टिक करायची, आणि ट्रेलरवर काय होतं ते लिहायचं. "ट्रेलर तर जवळजवळ रोज असतो," असं तो म्हणाला. लिहून तर बघू.

११ ऑक्टोबर

आधी मोजमापाचाच प्रश्न सोडवला, कारण 'मैल प्रति गॅलन' हा आकडा फसवतो. २००८ साली 'सायन्स' नियतकालिकात लॅरिक आणि सोल या दोन संशोधकांनी हेच दाखवलं होतं. माझ्या शीटमध्ये ते असं दिसतं: १६ची गाडी २०ची झाली तर १०० मैलांना ६.२५ ऐवजी ५ गॅलन लागतात, म्हणजे सव्वा गॅलन वाचलं. ३७ची गाडी ५०ची झाली तर वाचतं फक्त ०.७ गॅलन. ऐकायला ४ पेक्षा १३ची सुधारणा मोठी वाटते, टाकीला मात्र उलट कळतं.

याचा अर्थ मला महत्त्वाचा वाटतो. इंधन वाचवायला सगळ्यात जास्त वाव जास्त पिणाऱ्या गाड्यांतच आहे, म्हणजे पिकअपमध्येच. "ट्रकच आहे, तो पिणारच" असं म्हणून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही. अमेरिकेत नव्या गाडीच्या खिडकीवरच्या स्टिकरवर १०० मैलांना किती गॅलन हा आकडाही छापलेला असतो, लहान अक्षरांत. यापुढे मी तोच वापरणार. (ज्यांना किलोमीटर-लिटरची सवय आहे त्यांच्यासाठी: १६ मैल प्रति गॅलन म्हणजे लिटरला सुमारे ६.८ किलोमीटर.)

१२ ऑक्टोबर

हायवेचं गणित मांडलं. नवी मोठी पिकअप: वजन २,२०० किलो, समोरचं क्षेत्रफळ आणि आकाराचा गुणांक यांचा गुणाकार १.३ चौरस मीटर, टायरच्या घर्षणाचा गुणांक ०.०१. टाकीतल्या ऊर्जेतली २८ टक्के चाकांपर्यंत पोहोचते असं धरलं. गॅलनभर पेट्रोलमध्ये ३३.७ युनिट (किलोवॅट-तास) ऊर्जा असते, पर्यावरण संस्था ईपीए हाच आकडा वापरते.

ताशी ५५ मैलांना १०० मैलांसाठी ३.३ गॅलन. ६५ला ४.१. ७५ला ५.२.

६५च्या वेगाला हवेचा विरोध सुमारे ६६० न्यूटन आणि टायरचा २१६. म्हणजे इंजिनाची तीन चतुर्थांश मेहनत हवा बाजूला सारण्यात जाते. उभं नाक, उंच बोनेट, मागे मोकळा हौदा: पिकअपचा आकारच हवेशी भांडणारा. ३०० किलो वजन कमी केलं तर हायवेवर जेमतेम साडेतीन टक्के फरक पडतो. ६५ ऐवजी ७५ने गेलं तर चौथाई इंधन जास्त. दादा ७५ने चालवतो. त्याला हे आत्ता सांगितलं नाही, आधी वहीतले आकडे येऊ देत.

१८ ऑक्टोबर

शहराचं गणित केलं आणि सपशेल चुकलं.

ताशी ३० मैल वेग, दर मैलाला दोन थांबे. प्रत्येक थांब्याला गाडीची गती ब्रेकमध्ये जळून जाते. दोन टनांची गाडी ३०च्या वेगात असते तेव्हा तिच्यात जवळजवळ २०० किलोज्यूल असतात, ते सगळे ब्रेकच्या डिस्क तापवण्यात जातात. थांबे, टायर, हवा मिळून १०० मैलांना चाकांपाशी २७ युनिट. तेच २८ टक्के लावले तर उत्तर आलं ३५ मैल प्रति गॅलन. कुठल्याही मोठ्या पेट्रोल पिकअपचा शहरातला आकडा याच्या जवळपासही नाही.

दोन तास सूत्रांतल्या चुका शोधल्या. सूत्रं बरोबर होती, २८ टक्केच चुकीचे होते. स्टिकरवर शहरासाठी २० असेल तर हिशेबाने कार्यक्षमता सुमारे १६ टक्क्यांवर येते. इंजिन मोठं आणि काम थोडं असलं की पेट्रोल इंजिन सगळ्यात वाईट चालतं. हवा आत ओढायलाच त्याला झडप अडवते, आतलं घर्षण कमी होत नाही, सिग्नलला उभं राहिलं तरी ते पीतच राहतं. शेकडो अश्वशक्तीचं इंजिन ३०च्या वेगाला क्वचितच वीस-पंचवीस अश्वशक्तीच्या वर काम करतं.

१९ ऑक्टोबर

कालच्या चुकीमुळे हायब्रिडचं, म्हणजे पेट्रोल इंजिनाला विजेच्या मोटरची जोड असलेल्या गाडीचं, कोडं आपोआप सुटलं: तिचा फायदा शहरातच जास्त का दिसतो? २०२१च्या फोर्ड एफ-१५०चे ईपीएचे आकडे शेजारी ठेवले, दोन्ही टू-व्हील ड्राइव्ह. ३.५ लिटर टर्बो: शहरात १८, हायवेवर २४. तेच इंजिन हायब्रिड: शहरात २५, हायवेवर २६. शहरात सातची उडी, हायवेवर फक्त दोनची. हायब्रिड ब्रेकमधली ऊर्जा परत घेतं आणि हलक्या कामाला इंजिन बंद ठेवतं. हवेपुढे त्याचं काही चालत नाही. फोर्डच्याच छोट्या मॅव्हरिक पिकअपच्या हायब्रिडमध्ये तर आकडे उलटेच होतात: शहरात ४२, हायवेवर ३३.

म्हणून "हायब्रिड घेऊ का?" या प्रश्नाला "चालवतोस कुठे?" हाच उलट प्रश्न. दादाचं निम्मं चालवणं हायवेवर.

२५ ऑक्टोबर

आजची तुलना या सगळ्या कामातली मला सगळ्यात बोलकी वाटली.

२०११ची छोटी फोर्ड रेंजर, २.३ लिटर, चार सिलिंडर, हाताचे गिअर: १४३ अश्वशक्ती, शहर-हायवे एकत्रित २४ मैल प्रति गॅलन.
२०२१ची मोठी एफ-१५०, २.७ लिटर टर्बो, टू-व्हील ड्राइव्ह: ३२५ अश्वशक्ती, एकत्रित २२ मैल प्रति गॅलन.

दुपटीहून जास्त ताकद आणि किती तरी मोठी गाडी, तरी इंधन जवळजवळ तेवढंच. इंजिनियरांनी काम केलं नाही असं कोणी म्हणू नये. टर्बो, थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणी, फोर्ड आणि जनरल मोटर्सने मिळून विकसित केलेला १० गिअरचा ऑटोमॅटिक, २०१५च्या एफ-१५०ची अ‍ॅल्युमिनियमची बॉडी, जिने वजन ७०० पौंडांपर्यंत उतरवलं. हे सगळं खरं आहे आणि सोपं नव्हतं.

पण ती मिळकत गेली कुठे? मोठ्या केबिनमध्ये, ओढण्याच्या क्षमतेत, वेग पकडण्यात. हीच इंजिनियरिंग १४३ अश्वशक्तीच्या छोट्या पिकअपला लावली असती तर काय झालं असतं, याचं थोडंफार उत्तर मॅव्हरिकच्या ३७ या एकत्रित आकड्यात आहे. ती रेंजर मात्र डिसेंबर २०११मध्ये सेंट पॉलच्या कारखान्याबरोबर अमेरिकेत बंद झाली. २०१९ला ते नाव परत आलं ते मोठ्या गाडीवर.

मला याचं मनापासून वाईट वाटतं. छोट्या पिकअपवर कुटुंबं चालली, धंदे उभे राहिले.

१ नोव्हेंबर

छोटी पिकअप नाहीशी का झाली? आज दिवसभर नियम वाचले. वाचता वाचता लक्षात आलं की या गाडीचा इतिहास वजनाच्या रेषांनी आखलेला आहे.

पहिली रेष ६,००० पौंडांची, माल आणि माणसं धरून कमाल वजनाची. एफ-१५० हे नावच तिथून आलं. १९७५ साली ६,००० पौंडांच्या आतल्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारं उपकरण) आणि शिसंविरहित पेट्रोल लागू झालं, तेव्हा फोर्डने एफ-१०० आणि एफ-२५०च्या मध्ये, त्या रेषेच्या जरा वर बसणारी गाडी आणली. आजही करात ६,००० पौंडांच्या वरच्या धंद्याच्या वाहनांना पहिल्याच वर्षी मोठी वजावट मिळते. एसयूव्हीला त्यावर मर्यादा आहे, ६ फूट किंवा त्याहून लांब हौद्याच्या पिकअपला ती नाही.

दुसरी रेष ८,५०० पौंडांची, माल आणि माणसं धरून कमाल वजन. त्यावरच्या पिकअपच्या खिडकीवर मायलेजचा आकडाच छापावा लागत नाही. २५०, २५०० या आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या गाड्या बघा, त्यांच्या स्टिकरवर तो सापडत नाही. जी गाडी सगळ्यात जास्त पिते तिचाच आकडा गिऱ्हाइकाला दिसू नये, हे मला अजिबात पटत नाही.

तिसरी गोष्ट जमिनीवरची. १९७५च्या कायद्याने कंपन्यांना सरासरी मायलेजचं बंधन घातलं, १९७८च्या मॉडेलपासून मोटारींना आणि वर्षभराने हलक्या ट्रकना (त्यांत पिकअपही आल्या), पण ट्रकची पट्टी कायम खालीच राहिली. मोटारींना २७.५ असताना ट्रकना कित्येक वर्षं २०.७ होती. पुढे गाडीच्या 'पावलावर' लक्ष्य ठरू लागलं: चाकांमधली लांबी गुणिले रुंदी. पाऊल मोठं तेवढं लक्ष्य सोपं, ठरावीक मर्यादेपर्यंत. ट्रकसाठी हे २००८च्या मॉडेलपासून आलं. जुन्या रेंजरचं पाऊल ४५ चौरस फुटांच्या आसपास, चार दारांच्या एफ-१५०चं ६८च्या आसपास. छोट्या ट्रकला त्यामुळे फार कडक आकडा गाठावा लागला असता. तो गाठण्यावर खर्च करायचा की गाडी मोठी करायची? कंपन्यांनी काय निवडलं ते रस्त्यावर दिसतंच. हे एकच कारण नव्हे, लोकांनाही मोठी गाडी आवडली. पण उतार त्याच बाजूला होता.

जुलै २०२५मध्ये नव्या कायद्याने हे लक्ष्य चुकवल्याचा दंडच शून्यावर आणला. लक्ष्य कागदावर आहे, चुकवल्याची किंमत काही नाही.

२ नोव्हेंबर

किमतीच्या शीटचं मूळ कोंबडीत निघालं. साठच्या दशकात फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीने अमेरिकी कोंबडीवर जकात बसवली. उत्तरादाखल डिसेंबर १९६३मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक यांच्यावर २५ टक्के जकात लावली. बाकीच्या वस्तूंवरची पुढे उठली, ट्रकवरची आजही आहे.

ती चुकवायला काय काय झालं! सत्तरच्या दशकात छोट्या जपानी पिकअप हौद्याशिवाय, नुसत्या केबिन-चासी (केबिन आणि सांगाडा) म्हणून कमी जकातीवर आणायच्या आणि इथे हौदा बसवायचा. १९८०मध्ये ती वाट बंद झाली. सुबारूने ब्रॅट या छोट्या पिकअपच्या हौद्यात उघड्यावर दोन आसनं बसवली आणि ती प्रवासी गाडी ठरवली. फोर्डने ट्रान्झिट कनेक्ट व्हॅन मागच्या सीटसह आणून बंदरात उतरल्यावर त्या सीट काढल्या, त्या प्रकरणात २०२४मध्ये ३६.५ कोटी डॉलरवर तडजोड झाली. जगभर विकली जाणारी टोयोटाची हायलक्स पिकअप अमेरिकेत १९९५पासून नाही. बाहेरची स्पर्धा अशी अडली की आतल्या कंपन्यांना स्वस्त छोटी गाडी करण्याची निकड राहत नाही.

८ नोव्हेंबर

वहीतल्या तीन टाक्या:
३१८ मैल, १९.८ गॅलन.
२९६ मैल, १८.१ गॅलन.
३४१ मैल, २१.२ गॅलन.

मिळून ९५५ मैल, ५९.१ गॅलन, म्हणजे १६.२. स्क्रीन सतत १७.५च्या पुढे दाखवत होती. स्क्रीनवर विसंबू नये हे पहिलं.

दुसरं, मी स्वतः एक गोष्ट पाहिलीच नव्हती. आज टायरवरचा आकडा वाचला: २८५/७०आर१७. दाराच्या चौकटीवरचं स्टिकर म्हणतं २६५/७०आर१७. मागच्या वर्षी दादाने मोठे टायर घातले होते. व्यास ८०३ मिलीमीटरऐवजी ८३१, म्हणजे साडेतीन टक्के जास्त. चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं आणि मीटरला ते कळत नाही. खरा आकडा १६.७. टायर बदलल्यापासून घातलेली त्याची वर्षभराची १४,५०० मैलांची नोंदही प्रत्यक्षात १५,००० आहे. सगळ्या शीट पुन्हा केल्या. पहिल्याच दिवशी टायर वाचायला हवे होते.

मोठ्या टायरने आकडा सुधारला असं मात्र समजू नये. ते जड आहेत, गाडी वर उचलतात, आणि त्यांचं इंधन दादाच भरतो.

१५ नोव्हेंबर

किमती. २०११च्या रेंजरची सुरुवात १८,००० डॉलरच्या आसपास होती. २०२१च्या महागाईत ते साधारण २१,७०० होतात. त्या वर्षी जाहीर झालेली मॅव्हरिक हायब्रिड १९,९९५ला होती. म्हणजे छोटी, साधी आणि काटकसरी पिकअप जुन्या भावापेक्षा स्वस्तात देता येते, हे सिद्ध झालेलं आहे.

पुढे काय झालं तेही लिहायला हवं. २०२५च्या मॉडेलला तीच गाडी २६,२९५ला आली. चार वर्षांत ३१ टक्के वाढ, महागाई याच काळात सुमारे १९ टक्के. ती मेक्सिकोतल्या एर्मोसियोत बनते, त्यामुळे यंदाच्या जकातींचा बोजा आणखी वेगळा. विजेच्या गाड्यांतही हेच दिसलं: एफ-१५० लाइटनिंगचं साधं मॉडेल २०२२ला ३९,९७४ होतं, मार्च २०२३पर्यंत ५९,९७४ झालं आणि जुलैमध्ये ४९,९९५वर उतरवावं लागलं.

मला दिसतं ते असं. तीच पिकअप महाग होत गेली हा गोष्टीचा एक भाग. मोठा भाग हा की यादीतलं खालचं पान फाडून टाकलं गेलं. एक केबिन, लांब हौदा, हाताने फिरवायच्या काचा ही गाडी दुकानात उभीच नसते. चार दारं, चामड्याची आसनं, पडद्याएवढी स्क्रीन असलेली असते. सरासरी मग वर जाणारच. गाड्यांच्या किमती नोंदवणाऱ्या केली ब्लू बुकच्या हिशेबाने सप्टेंबर २०२५मध्ये नव्या वाहनाची सरासरी किंमत पहिल्यांदा ५०,००० डॉलरच्या वर गेली, आणि मोठ्या पिकअप तिच्याही बऱ्याच वर आहेत.

१६ नोव्हेंबर

स्लेट नावाच्या नव्या कंपनीने एप्रिलमध्ये दाखवलेली विजेवरची छोटी पिकअप पाहिली. रंग नाही, रेडिओ नाही, काचा हाताने फिरवायच्या. सरकारी सवलत धरून २०,०००च्या आत असं सांगितलं होतं. ७,५०० डॉलरची ती सवलत ३० सप्टेंबरला संपली. तरी ती बाजारात यावी असं फार वाटतं. दादाला दाखवली. तो म्हणाला, "काचा फिरवायला मला काही त्रास नाही."

२२ नोव्हेंबर

वहीतल्या ट्रेलरच्या टिक-खुणा मोजल्या. सहा आठवडे, कामाचे ३६ दिवस. ट्रेलर होता ९ दिवस. त्यातले ४,००० पौंडांच्या वरचे २. दादाने वही माझ्या हातून घेऊन स्वतः परत मोजलं आणि थोडा वेळ काही बोललाच नाही. कठीण दिवस लक्षात राहतात, सोपे राहत नाहीत. गाडी मात्र त्या दोन दिवसांसाठी घेतली जाते आणि उरलेल्या ३४ दिवशी पीत राहते.

मग वर्षाचा हिशेब समोर ठेवला, १५,००० मैल, गॅलनला ३ डॉलर धरून.
आहे ती गाडी: ८९८ गॅलन.
मोठी हायब्रिड, २५ने: ६०० गॅलन, बचत सुमारे ९०० डॉलर.
छोटी हायब्रिड, ३७ने: ४०५ गॅलन, बचत सुमारे १,४८० डॉलर.

मोठ्या नव्या गाडीसाठी ५०,०००चं कर्ज ७ टक्क्यांनी काढलं तर पहिल्या वर्षाचं नुसतं व्याजच ३,०००च्या वर जातं. मायलेजसाठी ती घेणं म्हणजे एका हाताने वाचवून दुसऱ्या हाताने तिप्पट देणं. छोटीचा विचार होऊ शकतो, टोइंगचं पॅकेज घेतलं तर ती ४,००० पौंड ओढते. पण हौदा साडेचार फुटांचा आणि एकूण भार १,५०० पौंडांचा. तीन माणसं, अवजारं आणि ओली माती धरली की तो संपला.

"मग आत्ता काय करू?" दादाने विचारलं. तेव्हा १२ ऑक्टोबरचं पान काढलं. हायवेवर ७५ऐवजी ६५: १०० मैलांना एक गॅलन. त्याच्या ७,५०० हायवे मैलांवर ७५-८० गॅलन. आणि टायर परत मूळ मापाचे. या टायरची नक्षी तशीही संपत आलीय, बदलायचेच आहेत.

"६५ने लोक मागून हॉर्न देतात गं."

"उजव्या लेनमधून जा."

२९ नोव्हेंबर

मंगळवारी टायर बदलले, स्टिकरवर लिहिलेली हवा भरली. मीटर आता खरं अंतर दाखवतो, दुरुस्तीचा गुणांक शीटमधून काढला. आज पहिली टाकी संपली: ३३१ मैल, १८.६ गॅलन. १७.८ येतात. पण या टाकीत ट्रेलर एकदाच होता, आणि एका टाकीवर मी काही ठरवत नाही. ट्रेलरच्या जड दिवशी ट्रक भाड्याने घेतला तर किती पडेल, त्याचा रकाना जोडून ठेवला आहे. दादा सोमवारी दोन ठिकाणी भाव विचारणार आहे.